गोल नसलेला हंगाम

शनिवारी सकाळी मी अजूनही शारजातल्या अल मजाजला लगूनच्या काठाने फेरी मारतो. पूर्वी मी आणि माझा मित्र, दोघं मारायचो. तो माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याची दोन पावलं म्हणजे माझी तीन. अर्ध्या फेरीत मला दम लागला की तो वळून माझ्याकडे तोंड करायचा आणि उलटा चालत गप्पा मारायचा. बाबागाड्या, सायकली, फोटो काढत मध्येच थांबणारी माणसं, यांतल्या कुणालाही त्याचा धक्का लागल्याचं मला आठवत नाही.

“पाठीला डोळे आहेत का तुझ्या?” मी एकदा विचारलं.

“स्ट्रायकरला असतातच,” तो म्हणाला. “गोलपोस्ट कुठे पळून जात नाही. मागून कोण येतंय ते बघायचं असतं.”

तो सेनेगलचा. तेरा वर्षं युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळला, आठ क्लबांकडून. त्यांतला एकही क्लब आपल्याकडे टीव्हीवर दिसणारा नव्हता. बेल्जियममधला दुसऱ्या दर्जाचा, फ्रान्समधले दोन, मग नॉर्वे, सायप्रस अशी ती यादी. गुडघ्याने साथ सोडली तेव्हा तो चौतीस वर्षांचा होता. त्यानंतर इकडे आला आणि दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या ज्या खासगी शाळेत मी एचआरचं काम करतो, तिथे क्रीडाशिक्षक म्हणून लागला. तात्पुरता, एका टर्मपुरता, मग आणखी एका टर्मपुरता. राहायला तोही शारजात, आमच्यापासून दोन इमारती सोडून एका खोलीत, आणखी दोघांबरोबर. त्याच्याकडे गाडी नव्हती. म्हणून तो रोज माझ्या गाडीतून यायला लागला.

शारजा ते दुबई रोजचा तो ट्रॅफिक ज्याने सोसलाय त्याला माहीत आहे की या रस्त्यावर माणसं एक तर कायमची मित्र होतात किंवा दुसऱ्या आठवड्यात गाडी बदलतात. आमचं पहिलं झालं, आणि त्याला कारण माझं गाव, गडहिंग्लज.

मी भारतातला म्हटल्यावर त्याने क्रिकेटच्या बॅटचा अभिनय केला होता. मी म्हटलं, “आमच्या गावात क्रिकेट नाही, फुटबॉल.” त्याला वाटलं, मी त्याचं मन राखायला बोलतोय. मग सिग्नलला मोबाइलवर आमच्याकडच्या स्पर्धेचा फोटो दाखवला. मैदानाच्या चारी बाजूंना माणसं, झाडावर माणसं, शाळेच्या छतावर माणसं. त्याने फोटो मोठा करून बघितला.

“हे भारत आहे?”

“हा कोल्हापूर जिल्हा आहे. आमच्याकडे तालमींचे संघ असतात.”

“तालीम म्हणजे काय?”

“कुस्ती शिकायची जागा.”

“कुस्तीवाले फुटबॉल खेळतात?”

“त्यांच्या नावाने खेळतात. आणि आफ्रिकेतले खेळाडूही येतात आमच्याकडे, स्पर्धेपुरते. पोरं त्यांच्या मागे मागे फिरतात.”

तो इतका मोठ्याने हसला की शेजारच्या गाडीतल्या बाईने काच वर केली. “आमच्याकडेही कुस्ती आधी, फुटबॉल नंतर,” तो म्हणाला. “माझ्या आजोबांच्या मते मी चुकीच्या खेळात गेलो.” त्या दिवशी मी त्याला ‘भावा’ म्हणायला शिकवलं. त्याचा ‘भ’ शेवटपर्यंत ‘ब’च राहिला, पण कोल्हापूरची हाक मारायची ती लकब त्याला पहिल्याच प्रयत्नात जमली.

आम्ही बोलायचो इंग्रजीत. त्याचं इंग्रजी फ्रेंच वळणाचं, माझं मराठी शाळेतलं. दोघांचंही इंग्रजी मोडकं असल्यामुळे कुणी कुणाला बुजत नव्हतं.

माझे वडील हायस्कूलमध्ये शिपाई होते. घंटा देणं, पाणी भरणं आणि स्पर्धा असली की मैदानावर फक्कीच्या रेषा मारणं ही त्यांची कामं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिला माणूस मी. हे मी कौतुकासाठी सांगत नाही. शाळेतल्या एका सरांनी मला स्कॉलरशिपचा फॉर्म स्वतः आणून दिला, भरायला शिकवला आणि शेवटच्या तारखेला एसटीने जाऊन जमा केला, म्हणून मी आज इथे आहे. तेव्हापासून फॉर्म या वस्तूबद्दल मला आदर वाटतो. फॉर्म नीट भरला तर गरिबाचं आयुष्य बदलतं, हे मी स्वतःवरून पाहिलंय. शाळेतले ड्रायव्हर, आया, नव्या शिक्षिका, सगळ्यांचे फॉर्म मी भरून देतो. त्यात मला कधी कंटाळा येत नाही.

गेल्या वर्षी फेब्रुवारीत शाळेने क्रीडाशिक्षकाची एक जागा कायम करायचं ठरवलं. त्या जागेला फॅमिली व्हिसा होता आणि दोन खोल्यांचं घर होतं. त्याची बायको आणि मुलगी डाकारला होत्या. मुलगी आठ वर्षांची. हंगाम संपला की तो घरी जायचा, पुढच्या क्लबचं बोलावणं आलं की निघायचा. सलग सहा आठवड्यांपेक्षा जास्त दिवस तो तिच्याबरोबर कधी राहिलाच नव्हता. तिच्या वाढदिवसांचे त्याच्याकडचे सगळे फोटो फोनच्या पडद्याचे फोटो होते.

“ही जागा मिळाली ना,” गाडीत तो म्हणाला, “तर मी तिला स्वतः शाळेत सोडीन. रोज. ती कंटाळेल, म्हणेल, पापा, तुम्ही येऊ नका. तरी सोडीन.”

“मिळणारच,” मी म्हटलं.

“इन्शाल्ला.”

मी नुसतं बोलायचं म्हणून बोललो नव्हतो. मुलांबरोबर त्याचं काम मी ऑफिसच्या खिडकीतून रोज बघत होतो. आमच्या शाळेत वीस-बावीस देशांची मुलं. तो बोलायचा जवळजवळ नाहीच. तळहात वर केला की मुलं थांबायची, बोट फिरवलं की पळायची. कुणा मुलाने गोल मारला की हा एवढा थोरला माणूस गोळी लागल्यासारखा पाठीवर कोसळायचा आणि बराच वेळ उठायचाच नाही. मुलं खिदळत त्याच्या अंगावर जाऊन पडायची. ज्या पोरांना पीटीचा तास नको असायचा, ती केवळ त्याला पाडण्यासाठी गोल मारायला शिकली.

अर्जाची शेवटची तारीख गुरुवार होती. तो मुलांचा संघ घेऊन दोन दिवस रास अल खैमाला गेला होता. जाताना प्लॅस्टिकची एक फुगलेली फाइल आणि सही केलेला कोरा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, “तू भर, बावा. माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं.”

मी मन लावून भरला. क्लबांची नावं, देश, वर्षं, करारांच्या प्रती. एक क्लब कधी कधी आपला खेळाडू एका हंगामापुरता दुसऱ्या क्लबकडे खेळायला पाठवतो, तेही नीट समजावून लिहिलं. आणि मग नॉर्वेचा हंगाम आला.

त्या हंगामाबद्दल मी त्याला एकदाच विचारलं होतं. तो हसून म्हणाला होता, “नॉर्वे? झीरो. एकही गोल नाही. तू विचारूच नकोस.” आणि विषय बदलला होता. स्ट्रायकर असून पूर्ण हंगामात एकही गोल नाही. मी फुटबॉलच्या गावचा माणूस. सलग चार सामने गोल न मारणाऱ्या सेंटर फॉरवर्डला आमच्याकडे मैदानाबाहेर चहासुद्धा सुखाने पिऊ देत नाहीत. हे पॅनेलसमोर कशाला न्यायचं? फाइलमध्ये नॉर्वेजियन भाषेतलं एक पत्र होतं. ते मला वाचता येत नव्हतं. मी ते बाजूला ठेवलं आणि त्या वर्षासमोर लिहिलं, ‘करिअर ब्रेक, कौटुंबिक कारणामुळे’. वाचून बघितलं. स्वच्छ दिसत होतं. पाठवून दिलं.

हे वाक्य मला सुचायला अर्ध्या मिनिटाचाही वेळ लागला नाही, आणि त्याचं कारण आहे. बारावीला मी दोन विषयांत नापास झालो होतो. ऑक्टोबरमध्ये ते सोडवले, पण तोवर कॉलेजचं वर्ष गेलं होतं. पुढच्या जूनमध्ये प्रवेश घेताना क्लार्कने गॅप सर्टिफिकेट मागितलं. मधल्या वर्षात तुम्ही काय करत होता, याचं स्टॅम्प पेपरवरचं प्रतिज्ञापत्र. तहसील कचेरीबाहेरच्या टायपिंगवाल्याने मला काही विचारलंसुद्धा नाही. त्याच्याकडे मजकूर तयारच होता. ‘घरगुती अडचणीमुळे शिक्षण घेऊ शकलो नाही.’ आमच्या भागातल्या किती मुलांच्या फाइलीत हे एक वाक्य असेल! नापासाचं वर्ष असं झाकायचं असतं, हे मी तिथे शिकलो आणि पुढे प्रत्येक नोकरीच्या अर्जात झाकत आलो.

दोन आठवड्यांनी प्रिन्सिपल मॅडमनी मला बोलावलं. त्यांनाही तो आवडायचा, म्हणून चेहरा उतरलेला होता.

“पॅनेलने दुसऱ्याला सिलेक्ट केलंय,” त्या म्हणाल्या. “प्लेअर म्हणून प्रोफाइल छान आहे. पण लहान मुलांना ट्रेन केल्याचा इथे येण्यापूर्वीचा एकही अनुभव नाही. किमान एक हंगाम लागतो. मी खूप सांगितलं, पण पॅनेलला पेपर लागतो. टर्म संपली की त्याचं खलास.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाड्यांच्या रांगेत पूर्ण थांबलेलो असताना मी त्याला सांगितलं.

“अनुभव नाही म्हणाले?”

“हो. लहान मुलांचा.”

“मग नॉर्वे?”

मी गाडी न्यूट्रलला टाकली.

“नॉर्वेत मी पूर्ण हंगाम दहा वर्षांखालची मुलं सांभाळली. क्लबचं पत्र आहे. फाइलमध्ये होतं.” तो माझ्याकडे वळला. “तू नॉर्वेसमोर काय लिहिलंस?”

मी सांगितलं. समोरची रांग हलली, मागून हॉर्न वाजायला लागले. तो म्हणाला, “गाडी चालव.” एवढंच. शाळेपर्यंत पुढचा पाऊण तास आम्ही रेडिओसुद्धा लावला नाही. संध्याकाळी तो बसने गेला. दुसऱ्या दिवशीही बसनेच आला.

घरी मी बायकोला सगळं सांगितलं. ती रत्नागिरीची. लपवाछपवी तिला मुळात जमत नाही.

“अहो, पण तुम्ही त्याला विचारलं का नाही?”

“तो रास अल खैमाला होता.”

“तिथे फोन लागत नाही?”

“मला वाटलं, त्याचीच इज्जत राहील.”

“त्याची कशाला? तो तर झीरो म्हणून हसला होता. हसणाऱ्याला कसली लाज? लाज तुम्हाला वाटली.”

आमची मुलगी आतून ऐकत होती. पंधरा वर्षांची आहे, इथेच वाढली. ती दारात येऊन म्हणाली, “बाबा, दॅट्स लिटरली लाइंग. ऑन अ फॉर्म!” बाकी कशाहीपेक्षा शेवटचे तीन शब्द मला लागले. फॉर्मवर कधी खोटं लिहायचं नाही, हे मीच तिला लहानपणापासून सांगत आलो होतो.

रात्री जेवणानंतर वडिलांचा फोन आला, तेव्हा त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, “आरं, समदा जन्म मी रेषा मारण्यात घालवला. बॉल कुठनं भाईर गेला ते रेघ सांगती. तू रेघच पुसलीस की रं.” मग म्हणाले, “जा, त्येच्या सायबाला भेट आणि काय केलंईस ते सांग. नोकरी जाईल का तुझी?”

“माहीत नाही, आबा.”

“जाऊ दे गेली तर. पयलं सांगून ये.”

मी मॅडमना सांगितलं. लेखीही दिलं. मला मेमो मिळाला, तो मिळायलाच हवा होता. पण जागा दुसऱ्याला देऊन झाली होती, त्याचा करार सही होऊन आला होता. ते फिरवता येणार नव्हतं. मॅडमनी नॉर्वेच्या पत्राची प्रत मागून घेतली आणि दोन दिवसांनी स्वतःहून बोलावून सांगितलं, अबू धाबीच्या पलीकडे रुवैसला तेल कंपनीच्या वसाहतीत एक कम्युनिटी क्लब आहे, त्यांना मुलांसाठी फुटबॉल कोच हवा आहे, फॅमिली क्वार्टर्ससकट. “मी त्यांच्याशी बोललेय. पण सीव्ही नवीन द्या,” त्या म्हणाल्या, “आणि या वेळी पूर्ण द्या.”

मी त्याच्या इमारतीखाली जाऊन उभा राहिलो. तो भाजी घेऊन येत होता. मला बघून थांबला. मी रुवैसचं सांगितलं. मग म्हटलं, “तुला अजून एक सांगायचंय,” आणि गॅप सर्टिफिकेटची सगळी गोष्ट सांगितली. नापास झाल्याचं मी बायको सोडून परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होतो.

“त्या वर्षात तू खरं काय करत होतास?” त्याने विचारलं.

“त्याच टायपिंगवाल्याकडे कामाला होतो. म्हाताऱ्या माणसांचे अर्ज लिहून द्यायचो. पेन्शनचे, रेशन कार्डाचे.”

“म्हणजे तुझं काम तू तिथे शिकलास.”

“हो.”

“आणि तेच लिहीत नाहीस?” त्याने पिशवी दुसऱ्या हातात घेतली. “तू वेडा आहेस. शनिवारी येतो. तुझ्या मुलीला टायपिंग करायला बसव. तुला नाही.”

तो शनिवार मला अजून कालच्यासारखा आठवतो. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप, मुलगी टाइप करतेय, तो सांगतोय, मी कागद क्रमाने लावतोय. सकाळी नऊला सुरू झालं ते दुपारचं जेवण होऊन गेलं तरी चालूच होतं. त्याने तेरा वर्षं पहिल्यापासून सांगितली. समुद्रकाठच्या वाळूत अनवाणी खेळण्यापासून. एकवीस वर्षांचा असताना बेल्जियमला चाचणीसाठी गेला, तेव्हा विमानतळावर त्याच्या तोंडातून वाफ निघाली आणि त्याला वाटलं आपल्याला काहीतरी रोग झाला. पहिल्या गोलनंतर काय करायचं ते ठरवलेलं होतं, पण गोल झाल्यावर सगळं विसरून तो नुसता पंचांना मिठी मारून मोकळा झाला आणि पंचांनी त्याला पिवळं कार्ड दाखवलं. फ्रान्समध्ये एका हंगामात त्याने इतके गोल मारले की गावच्या पाववाल्याने त्याच्याकडून पैसे घेणं बंद केलं, आणि पुढच्या हंगामात गोल आटले तेव्हा न सांगता परत घ्यायला लागला.

“मग?” माझ्या मुलीने विचारलं. ती कधीच टाइप करायची थांबली होती.

“मग काय? मी पाव घ्यायचो. पाव चांगला होता.”

नॉर्वे आलं तेव्हा दुपार झाली होती. मासेमारीचं छोटं गाव. गावाबाहेर लाकडाच्या उंच मांडवांवर हजारो मासे वाळत टांगलेले. पहिल्या दिवशी तो वास आला आणि त्याचे डोळे भरले, कारण डाकारच्या त्याच्या वस्तीतही सुक्या माशाचा असाच वास येतो.

“म्हणजे आमचे सुके बोंबीलच की!” बायको स्वयंपाकघरातून ओरडली आणि लगेच एक बरणी आणून त्याच्या नाकाखाली धरली. त्याने डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाला, “मॅडम, हे उद्या जेवायला.” मुलगी किंचाळून खुर्चीसकट मागे सरकली.

गुडघा सुजलेला, म्हणून त्याला शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांसाठी खेळवायचे. त्या क्लबची पद्धत अशी की मोठ्या संघातल्या प्रत्येकाने आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांना शिकवायचं. बाकीचे टाळायचे. याला दुसरं काही करायला नव्हतं, म्हणून तो त्यांचेही तास घ्यायचा. भाषेचा एक शब्द येत नव्हता. म्हणून तळहात, बोटं आणि पाठीवर कोसळणं.

“शेवटची मॅच,” तो सांगू लागला. “मला दहा मिनिटं दिली. चेंडू आला, मी मारला. पोस्टला लागला. थाड! बाहेर. स्टेडियम गप्प. मी वर बघितलं तर माझी ती सगळी मुलं, तीस-पस्तीस मुलं, बाकांवर पाठीवर कोसळली होती. मेल्यासारखी. त्यांना माहीत होतं की गोल नाही. तरी कोसळली.” तो हसत होता. “म्हणून मी लोकांना सांगतो, नॉर्वे झीरो. आणि पुढचं सांगत नाही. पुढचं माझं आहे.”

मुलीने त्या पत्राचा फोनवर अनुवाद काढला आणि मोठ्याने वाचला. मार्च ते नोव्हेंबर, दहा वर्षांखालील गट, पूर्ण जबाबदारी. मग तिने विचारलं, “अंकल, गोल्सच्या कॉलममध्ये काय लिहू? ब्लँक ठेवू?”

“शून्य,” तो म्हणाला. “शून्य लिही. मोठं लिही.”

रुवैसची मुलाखत बुधवारी होती. मी रजा टाकली आणि पहाटे निघालो. अबू धाबी मागे पडल्यावर रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना वाळू आणि उंटांसाठी घातलेलं कुंपण. वाटेत मिर्फा गावाजवळ करक, म्हणजे इकडचा कडक दुधाचा चहा घेतला. मला जास्त भीती वाटत होती की त्याला, सांगता येणार नाही. तिथे पोचल्यावर तो आत गेला आणि मी वसाहतीच्या ऑफिसबाहेर सावली शोधत उभा राहिलो. तासाभराने तो बाहेर आला. चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

“काय विचारलं?”

“नॉर्वे. सगळा वेळ नॉर्वे. ते सहा जण होते, त्यांना मी खाली पडूनसुद्धा दाखवलं.”

“आणि?”

“पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारपासून.” मग त्याने माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “क्वार्टरही आहे. तीन महिन्यांनी.”

त्याने तिथूनच डाकारला फोन लावला, व्हिडिओवर. आधी बायको दिसली, ती ओंजळीत तोंड लपवून बसून राहिली. मग मुलगी आली. पुढचे दोन दात पडलेले, केसांच्या बारीक वेण्या. त्याने फोन माझ्या हातात दिला आणि स्वतः पडद्यात राहून तिला हाताने एकेक दाखवायला लागला. ही घरांची रांग. ही शाळा. या बाजूला समुद्र आहे, इथून दिसत नाही पण आहे. मला त्यांच्या वोलोफ भाषेतला एक शब्द कळत नव्हता, पण तो काय दाखवतोय ते कळत होतं, आणि मी फोन तिकडे तिकडे फिरवत होतो.

मग तिने काहीतरी विचारलं आणि तो थांबला.

“काय म्हणते?” मी विचारलं.

“म्हणते, हा क्लब कधीपर्यंत आहे? आम्ही आलो आणि पापा दुसरीकडे गेले, तर आम्ही कुठे जायचं?” त्याने माझ्याकडे बघितलं. “काय सांगू? तू एचआर आहेस. करार किती वर्षांचा असतो?”

माझ्या ओठांवर उत्तर तयार होतं. सांग की कायमचा. आठ वर्षांच्या मुलीला दुसरं काय सांगणार? ती खूश झाली असती, तोही झाला असता. पण कायमचं असं इथे कुणाचंच नसतं, माझंही नाही.

“दोन वर्षं,” मी म्हटलं. “काम आवडलं तर पुढे आणखी दोन. नाही आवडलं तर नाही.”

त्याने तिला तसंच सांगितलं. दोन बोटं वर करून दाखवली.

 तिने मागे वळून आईला ओरडून काहीतरी सांगितलं आणि ती बसल्या जागी उड्या मारायला लागली. फोनचा पडदा हलून सगळं धूसर झालं. मला वाटलं, रडतेय.

“रडते का?”

“नाही,” तो म्हणाला. आता तोच डोळे पुसत होता. “ती आईला सांगते, दोन वर्षं! पूर्ण दोन वर्षं! तिला वाटलं होतं, सहा आठवडे.”